दुसऱ्याचं नाव

दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही, तर अंबरनाथ पूर्वेची माझी बाइंडिंगची खोली सोडायची, असं मी सुनेला कबूल केलं होतं. म्हणून नात जिज्ञासा मला उल्हासनगरला, व्यापाऱ्यांच्या सकाळच्या बैठकीला घेऊन गेली. तिथे प्रत्येकाने एका मिनिटात आपला धंदा सांगायचा असतो.

"मी पुस्तकं बांधतो," मी म्हणालो. पुढे काही सुचेना. उरलेला वेळ सगळे माझ्याकडे आणि मी इडलीकडे बघत होतो.

चहाच्या वेळी जितेशभाई नावाचे कापडवाले स्वतःहून जवळ आले. "अंकल, कापडाच्या नमुन्यांचे दोनशे अल्बम. दहा दिवसांत. होणार?"

मी हाताने शिवणारा माणूस. दोनशे कसे होणार? तसं सांगितलं आणि बदलापूर गावातल्या आनंदाचं नाव, नंबर लिहून दिला. तोही बाइंडर, पण त्याच्याकडे मशीन आहे.

रिक्षात जिज्ञासा म्हणाली, "आजोबा, लोक तिथे काम मागायला येतात. तुम्ही वाटून आलात!"

चुकलंच असावं. पण दुसरं काय सांगायला हवं होतं, तेही कळेना.

चौथ्या दिवशी आनंदा खोलीत शिरला तो चपला न काढताच.

"काका, माझ्यावर कसला राग?"

"राग?"

"हातचं काम कोण दुसऱ्याला देतं? पार्टी खराब असली तरच ना! त्या जितेशभाईंचा फोन आला, मी सरळ नाही सांगून टाकलं."

"मला तर बरे वाटले ते. म्हणजे... एकदाच भेटलोय."

"मग तुम्ही का सोडलंत?"

"दोनशे होते."

तो मटकन स्टुलावर बसला. "च्यायला! एवढंच?"

टेबलावरचं अर्धवट शिवलेलं पुस्तक उचलून त्याने दोरा ओढून पाहिला. "त्याचं कापड जाड आहे. नुसत्या गोंदावर टिकायचं नाही, शिलाई लागेल. कटिंग माझं, शिलाई तुमची. माझ्याकडच्या दोघी बाया इथे शिकायला येतील, उजेड बरा आहे. लावा फोन."

"मी?"

"नाव तुम्ही दिलंत. मी तर नाही म्हणून बसलोय."

त्याच्या फोनमधून जितेशभाईंचा नंबर बघून लावला.

"अरे अंकल," जितेशभाई म्हणाले, "आधी तुम्ही हात वर केले, मग त्याने. आता दोघं मिळून?"

"हो," मी म्हणालो.

ते हसले. "उद्या दोघं दुकानात या. सॅम्पल दाखवतो."

फोन ठेवला तेव्हा आनंदा चपला काढून दोऱ्याचं रीळ उलगडत बसला होता. खोली आता ठेवावी लागणार, एवढं समजलं. पण सुनेला काय सांगू? काम मला मिळालं, की मी दिलं?