बांगडीची निशाणी

चातुर्मासात दिवेलागणीपर्यंत मौन, हे माझं अकरा वर्षांचं व्रत. थोरल्याला देवी आल्या तेव्हा बोललेलं. भिसेगावात सगळ्यांना ठाऊक होतं, घरमालक मालोजीलाही.

समोर जयवंता राहायची. तिच्या नवऱ्यानं, धाकलूनं, मालोजीच्या पडीक जागेत स्वतःच्या हातानं भिंती घातल्या, म्हणून भाडेचिठ्ठीत लिहिलेलं की धाकलू आणि त्याच्यामागं त्याची बायको जिवंत असेतो कोणी उठवायचं नाही. पटकीत धाकलू गेला. वर्षाच्या आत मालोजी नवा कागद घेऊन तिच्या दारात.

"धाकलूचं नाव काढून तुझं घालायचं, जया. दुसरं काय नाय."

ती त्याला घेऊन माझ्या ओसरीवर आली. "काकू, तेवढं वाचून बघा. मला मेलीला नुसतं काळं दिसतंय."

वडिलांनी मला मोडी शिकवली होती. मी वाचलं. 'राजीखुशीने घर सोडीत आहे, दिवाळीनंतर माझा हक्क नाही.'

मी मान हलवली. कागदावर तळहात दाबून धरला, दुसऱ्या हातानं मावळतीकडे दाखवलं. दिवा लागू दे, मग सांगते.

मालोजी हसला. "काकू देवाशी बोलत्यात, आपल्याशी कशाला बोलतील? आटप गं. कचेरी बंद होईल."

जयवंतानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. 'नको' एवढा एक शब्द पुरला असता. तो ओठांवर आला, आणि मला थोरल्याचा फोडांनी भरलेला चेहरा दिसला. संध्याकाळी सांगू, कागद काय, फाडतासुद्धा येतो, असं मनाशी म्हणून मी हात उचलला. तिला वाटलं, काकूंचं वाचून झालं.

लिहिता न येणाऱ्या बाईची सही म्हणजे बांगडीची निशाणी. रित्या मनगटाच्या त्या हातानं तिनं वाकडा गोल काढला.

दिवा लावल्यावर मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "आता वो?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कागद रद्द करा म्हणून आम्ही दोघी कर्जतच्या कचेरीत गेलो; मालोजीही आला होता. कारकुनानं तिला विचारलं, "निशाणी तुझीच ना?"

"माझीच."

"कोणी हात धरला होता?"

"नाय. पर मला वाचता येत नाय, साहेब."

मालोजीनं माझ्याकडे बोट केलं. "या काकूंनी वाचला की. इचारा."

कारकून माझ्याकडे वळला. "बाई, वाचला होतात?"

सूर्य डोक्यावर होता. मी बोलले. "वाचला."

"नको म्हणालात?"

"मौन होतं हो माझं."

"म्हणालात का?"

"नाही."

"मग झालं," म्हणत त्यानं कागद बांधून ठेवला.

दिवाळी झाल्यावर जयवंता कडावला भावाच्या गोठ्यात राहायला गेली. जाताना चुलीवर पाणी ओतलं, दाराची कडी लावली, आणि माझ्या ओसरीकडे पाहिलं नाही. त्या घरात आता रेल्वेतला कोणी बाबू राहतो.

व्रत मोडलं म्हणून मी महिनाभर थोरल्याच्या कपाळाला हात लावून पाहत होते. त्याला काहीसुद्धा झालं नाही.