मी पुढे दिलेले नाव

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. मी एकशे दहा ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. मला लॉगिंग रॅपर, म्हणजे नोंदी पोचवणारा मधला निरोप्या, म्हणतात. माझी गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही, तरी सांगतो.

माझा जन्म इंदूरला, कृष्णपुऱ्याच्या समाधी-छत्र्यांजवळच्या एका ऑफिसात झाला. यशोधराने मला घडवले. तिच्या ऑफिसात बऱ्याच लायब्ररी होत्या. पुस्तकांच्या नव्हेत, एकदा लिहून ठेवलेल्या आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसवता येणाऱ्या प्रोग्रॅमच्या. एक मेसेज पाठवी, दुसरी छपाई करी. काही बिघडले की प्रत्येक लायब्ररी आपल्याच पद्धतीने नोंदी करी आणि सगळा गोंधळ माजे. यशोधराने ठरवले की लायब्ररीने स्वतः काही लिहायचे नाही, नोंद फक्त माझ्या हाती द्यायची. मी ती सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत पोचवायची. नोंदवहीच नसेल तर गप्प बसायचे.

ऑफिसातले ज्येष्ठ नाना मला वाचून म्हणाले, "छान आहे, पण यात लोकांची नावं आली तर? ती झाकायची काही सोय?"

"नाना, ते लायब्ररीवाल्यांनी बघावं ना! रॅपर एकदम हलका पाहिजे," यशोधरा म्हणाली.

नाना आपल्या कामाला लागले. मी मात्र फुशारलो. जिथे तिथे माझी वाहवा होत होती. "भिया, क्या चीज बनाई है!" असे इंदुरी थाटात म्हणत लोक मला आपल्या कामात बसवून घेत. हाती येईल ते मी न वाचता पुढे देई आणि त्यालाच चपळपणा समजे.

पुढे एका पॅथॉलॉजी लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी नेमणूक झाली. तिथली लायब्ररी रुग्णांना रिपोर्टचे मेसेज पाठवी. एके दिवशी एक मेसेज जाईना, कारण मोबाइल नंबरचा एक आकडा चुकला होता. लायब्ररीने तक्रारीबरोबर रुग्णाची सगळी माहितीच माझ्या हाती दिली. नाव शांता, वय त्रेसष्ट, मुक्काम स्नेहलतागंज, आणि खाली गाठीच्या तपासणीचा निकाल. निकाल वाईट होता. मी सगळे जसेच्या तसे पुढे दिले.

त्या नोंदी आमच्याच ऑफिसातला विक्रांत वाचत असे. लॅबच्या तक्रारी सोडवणे हे त्याचे काम. तो स्नेहलतागंजातच राहायचा. शाळेत त्याला गणित शिकवणाऱ्या शांताकाकू त्याच्याच गल्लीत होत्या. नाव वाचून त्याला राहवले नाही. संध्याकाळी तो सफरचंदे घेऊन त्यांच्याकडे गेला.

"काकू, टेन्शन बिलकुल घेऊ नका. आजकाल सगळ्याचा इलाज होऊन जातो," तो दारातच म्हणाला.

आतून सून रुपाली बाहेर आली. "कसला इलाज, विक्रांत?"

काकूंनी घरात कोणालाच सांगितले नव्हते. रिपोर्टचा कागद त्यांनी स्वतः लॅबमधून आणून कपाटात ठेवला होता. अकरा दिवसांनी मुलीचा, सोनलचा साखरपुडा होता. तो झाला की सांगायचे असे त्यांनी ठरवले होते, आणि डॉक्टरही तेवढे थांबायला हो म्हणाले होते. आता घरात रडारड झाली. सोनलने साखरपुडाच नको म्हणून हट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी विक्रांतने हे यशोधराला सांगितले, तसे तिने मला समोर उघडले. तिने माझ्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. तिचा चेहरा उतरला. मला वाटले, मला कोणी आत्ताच्या आत्ता पुसून टाकावे.

नाना जवळ आले. झाकायच्या सोयीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, "काकूंचं घर कुठे आहे?"

यशोधरा एकटीच गेली. परत आल्यावर तिने नानांना जे सांगितले, ते मी ऐकले.

तिने नोंदींचे सगळे सांगून काकूंची माफी मागितली. काकूंनी तिला बसायला सांगितले, पाणी दिले. मग म्हणाल्या, "पोरी, आजार काही माझ्या हातात नव्हता. तो केव्हा सांगायचा, तेवढंच माझ्या हातात होतं. तेही गेलं."

यशोधराने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुझ्या त्या मशीनीत अजून कोणाकोणाची नावं आहेत?" काकूंनी विचारले.

"चारशे बारा जणांची, काकू."

"मग इथे काय बसून राहिलीस? जा, आधी ते पुस."

ती तशीच उठून आली. तिने आणि नानांनी मिळून लॅबला खरे काय ते कळवले आणि सगळी नावे पुसली. मग तिने मला नव्याने लिहिले. आता लायब्ररी ज्यावर 'हे लिहायला हरकत नाही' अशी खूण करते, तेवढेच मी पुढे देतो. बाकीच्या जागी फुल्या मारतो. त्यासाठी माझ्या चाळीस ओळी वाढल्या.

साखरपुडा अखेर त्याच तारखेला झाला, काकूंनी तो करायलाच लावला. त्यांचे उपचार चालू आहेत. विक्रांत मात्र अजून त्यांच्या दारावरून जात नाही, मागच्या गल्लीने वळसा घेतो. त्याच्यावर ती वेळ मी आणली.

मित्रांनो, तुमच्याही कानावर कधी कोणाची गोष्ट येईल. ती सांगण्यात तुमचा हेतू चांगलाच असेल. तरीही क्षणभर थांबा आणि विचारा, ही गोष्ट सांगायचा हक्क कोणाचा आहे? मी थांबलो नव्हतो.