चाळीस आणि साठची सरासरी

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला, शेवटच्या टेबलावरचा कीबोर्ड बोलतोय. चेहऱ्यांपेक्षा मला बोटं जास्त कळतात. कारखान्यात एका यंत्राने माझी एकेक कळ दाबून पाहिली होती. त्या यंत्राच्या बोटांना कसलीच भीती नव्हती. तशी बोटं मला पुन्हा भेटली नाहीत.

गेल्या वर्षी दोघी बहिणी एकाच वर्गात आल्या. आई गेल्यावर थोरलीने शाळा अर्धवट सोडून धाकटीला वाढवलं होतं. मग बाहेरून परीक्षा देत देत ती इथवर पोचली होती.

पहिल्याच दिवशी मॅडमनी गणिताची चाचणी घेतली. थोरलीची बोटं गारठलेली. एक आकडा टाइप करायची, लगेच खोडायची. माझी खोडायची कळ पार दमून गेली. धाकटी पास झाली, थोरली नापास.

"तुम्हाला प्रोग्रामिंग जमणार नाही असं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण गणित कच्चं असलं की पहिल्या सत्रातच मुलं गळतात. आधी गणिताचा वर्ग करा, पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी पुन्हा धीर नाही व्हायचा, मॅडम. दोन्ही एकदम करते."

हे म्हणताना तिचा हात माझ्यावर होता. बोटं तशीच गार.

मग सरासरी काढायचा प्रोग्राम आला. तिने चाळीस आणि साठ हे आकडे दिले. उत्तर आलं सत्तर!

"मशीन बिघडलंय का गं?"

धाकटी खुदकन हसली. "ताई, कंस राहिला तुझा. त्याने आधी साठला दोनने भागलं, मग चाळीस मिळवले."

"कंस शिकवले तेव्हा मी तुला घेऊन दवाखान्यात बसले होते."

धाकटीचं हसू विरलं. त्या दिवसापासून ती रोज ताईशेजारी बसू लागली. थोरली आधी गणिताच्या वर्गाला जायची, मग माझ्याकडे यायची. भीती काही गेली नाही. पण खोडणं कमी झालं.

परीक्षेत तिचा प्रोग्राम मध्येच अडला. पडद्यावर लाल ओळी. पुढून धाकटी कुजबुजली, "ताई, सांगू?"

"नको. तू सांगितलंस तर मी जन्मभर भीतच राहीन."

तिने हात उचलले. आता ही उठून जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. ती गणित मांडत होती! बऱ्याच वेळाने बोटं परत आली. गारच होती, पण थांबली नाहीत.

ती पास झाली. काठावर, पण झाली.

आता माझी अक्षरं पुसट झालीत. उद्या नवी मुलं येतील, चाचणी होईल, आणि आतापासूनच मला त्यांची काळजी लागलीय. बाळांनो, बोटं गारठली तर गारठू द्या. गणित येत नसेल तर येत नाही म्हणा, शेजाऱ्याला विचारा. पण उठून जाऊ नका. समोरच्या रिकाम्या खुर्चीची मला फार भीती वाटते.