घरात चालतात, रस्त्यावर नाही

व्हर्लीनचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून रविवारच्या जेवणासाठी पालेभाजीचे देठ काढत होते. ती एवढंच म्हणाली, "ये. हात पूस आणि ये."

आमच्या घरांमध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणाला आमच्याच येण्याजाण्याने पडलेलं भगदाड. मी गेले तर ती थेरनच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसलेली. नवी चादर अर्धीच खोचलेली. मांडीवर एझर्डच्या पांढऱ्या हातमोज्यांचा डबा. एझर्ड, तिचा नवरा, आमच्या चर्चचा डीकन होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर वाटताना घालायचे ते हातमोजे. इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले. आणि त्यांच्याखाली पुठ्ठ्याची एक लहानशी, जड पेटी.

"त्याच गोळ्या," व्हर्लीन म्हणाली. "पोकळ टोकाच्या."

मी तिच्या शेजारी बसले. 

थेरन, तिचा एकुलता एक, चार वर्षं तुरुंगात काढून पॅरोलवर घरी यायचा होता. मंगळवारी पॅरोलचा माणूस घर बघायला येणार होता. तो राहणार त्या घरात हत्यार नको, काडतूस नको, एवढी साधी अट. सापडलं तर थेरन आतच. दुसरा पत्ता त्याने दिलाच नव्हता. कुठला देणार? आई आहे तेच घर.

तुम्ही म्हणाल, मग टाकून द्या की बाई. तेच तर सांगते.

थेरन सातआठ वर्षांचा असताना ही मंडळी कॅम्डेनला भाड्याच्या घरात राहायची. तिथल्या भिंती बिस्किटासारख्या. एका बाजूला नवराबायको, पलीकडे मुलाचा पलंग. शेजारी दोनदा चोर शिरले, तेव्हा एझर्डने रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं. दुकानदाराने त्याला समजावलं, की साधी गोळी माणसातून निघून भिंतीतूनही जाते. ही पोकळ टोकाची मात्र लागते तिथेच फुलते आणि थांबते. एझर्ड घरी आला, भिंतीवर बोटाने टकटक केलं, पलीकडून पोराने टकटक करून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने त्याच गोळ्या घेतल्या. थेरनकडे जाणार नाहीत अशा. उभ्या जन्मात त्याने त्यातली एकही झाडली नाही.

आणि त्याच गोळ्यांनी पोराला नेलं. पुढे हे आमच्या गावातलं घर घेतलं, सामान हलवायचं ठरलं, एझर्डची पाठ धरलेली. तो म्हणाला, "थेरन, माझ्या कपाटातलं ते तुझ्या गाडीत घाल. घरातून घरातच तर न्यायचंय." हातगाडीवरून पातेली न्यावीत तसं. आमच्या न्यू जर्सीत परवाना बापाचा असला तरी गाडी चालवणाऱ्या पोराचा होत नाही, आणि या जातीच्या गोळ्या घरात चालतात, रस्त्यावर चालत नाहीत, हे बापलेकांना दोघांनाही ठाऊक नव्हतं. मागचा दिवा फुटलाय म्हणून पोलिसाने गाडी थांबवली. "गाडीत काही आहे का?" म्हणून विचारलं. थेरनने खरं ते सांगितलं. बापाने तसंच वाढवलं होतं त्याला.

रिव्हॉल्व्हर गेलं, गाडीतली पेटी गेली, पोर गेलं. संध्याकाळी पोलिसांनी हे घरही उचकलं. एझर्ड गंजिफ्रॉकवर अंगणात उभा, सगळी गल्ली बघतेय. दुसऱ्या हिवाळ्यात तो वारला. डॉक्टर हृदय म्हणाले. आम्हीही हृदयच म्हणतो.

"झडतीत हातमोजे उचलून कोणी बघितलं नाही," व्हर्लीन म्हणाली. "आणि त्याला ठाऊक होतं गं. ही दुसरी पेटी सामानातून इथे आलीय हे ठाऊक होतं त्याला. नेणार कुठे? रस्त्यावर काढायची छाती नव्हती त्याची. मरेपर्यंत या डब्यातले हातमोजे घालून भाकर वाटली त्याने, आणि मला एका शब्दाने बोलला नाही."

तिने पेटीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

रविवारी चर्चला आम्ही दोघी शेजारी बसलो. रेव्हरंड गॅड्सडेन यांचं प्रवचन म्हणजे काय ते कसं सांगू! आधी साधं बोलतात, चष्मा पुसतात, घसा साफ करतात. मग एका वाक्याची शेपटी लांबते, ऑर्गनवाला ती अलगद उचलतो, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते आपल्याला कळतच नाही. मागून डीकन लोक म्हणतात, "सावकाश, पास्टर! घाई नाही!" मी अख्खा आठवडा त्या अर्ध्या तासावर काढते. त्या दिवशी वाट बघणाऱ्यांवर होतं. "देवा," ते गाऊ लागले, "हाक तू ऐकलीस हे मला ठाऊक आहे... आता पावलंही ऐकू येऊ देत!" सगळं चर्च उठलं. बाया रुमाल हलवू लागल्या. एरवी सगळ्यांत आधी उठणारी व्हर्लीन मात्र बाकाला धरून बसून राहिली. तिचे ओठ हलत होते. एकच शब्द होता, आणि तो देवाचं नाव नव्हता.

प्रार्थनेनंतर तळघरात जेवण. तळलेलं चिकन, चीजमधली मॅकरोनी, माझी भाजी. व्हर्लीनने तिथे, ताट पुढे घेऊन, हळूच विषय काढला. हळूच काढला, पण आमच्या चर्चच्या तळघरात हळू असं काही नसतं.

"घरात चालतात," डीकन मॅप म्हणाले. ते निवृत्त पोस्टमन. गावातलं प्रत्येक दार आणि प्रत्येक कुत्रं त्यांच्या ओळखीचं. "पण पोर्चवर नाही."

"पोर्च घरात येत नाही होय?" ही ओझेला, दाराशी उभी राहून लोकांना जागा दाखवणारी. "मग तुम्ही उन्हाळाभर कोणाच्या घरात झोपा काढता?"

"मी कायदा सांगतोय, सिस्टर."

"कायदा! गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत की तिरकस टोकाच्या चालतात आणि गोल टोकाच्या नाही."

"उलट सांगितलं होतं मी."

"माझा भाचा म्हणतो प्लास्टिकचं टोक असेल तर पोकळ धरतच नाहीत," ओझेला म्हणाली. "तो नदीपलीकडे डेलावेअरला असतो. तिथे म्हणे खिशात घालून फिरा."

"मग पुलावरून पलीकडे नेऊन दे."

"आणि पुलाच्या मध्यावर काय? अर्धी गाडी पापी नि अर्धी पुण्यवान?"

हसले सगळे. व्हर्लीनही हसली, आणि हसता हसताच तिने काटा खाली ठेवला.

मग उपायांची रांग लागली. नदीत टाक. म्हणजे नदीपर्यंत रस्त्यानेच जायचं. परसात पुरून टाक. पुरली, आणि पॅरोलच्या माणसाचं कुत्रं आलं तर? कचऱ्यात घाल. कचऱ्याच्या गाडीत फुटून कुणा गरिबाचा हात गेला तर? कोणी म्हणालं, जवळ ठेवणं तुझा हक्कच आहे, तुझ्या घराच्या रक्षणासाठी आहेत त्या, पॅरोलवाल्याला तोंडावर सांग. कोणी म्हणालं, थेरनला थोडे दिवस व्हर्जिनियाला मावशीकडे पाठव.

"थोडे दिवस," व्हर्लीन म्हणाली. 

तेव्हा डीकन मॅप उठले, टोपी हातात घेतली. "सिस्टर व्हर्लीन, मी नेतो. माझ्या ट्रकमधून. मला म्हाताऱ्याला कोण थांबवतंय? आणि थांबवलं तर थांबवलं. एझर्डसाठी एवढं करेन मी."

आता कोणी हसलं नाही.

"बसा, डीकन," ती म्हणाली. "त्या रस्त्याला मी एक मुलगा दिलाय. आणखी कोणाला देणार नाही."

रेव्हरंड कोपऱ्यात चहाचा कप घेऊन उभे होते. गाऊन गाऊन घसा बसलेला, त्यामुळे व्हर्लीनला आडनावाने हाक मारून कुजबुजल्यासारखे बोलले. "मदर टॉलिव्हर, त्या गोळ्यांना रस्ता चालत नाही. पण पोलिसांना चालतो ना? त्यांना इथे बोलवा. ते नेतील."

व्हर्लीनचा चेहरा दगडासारखा झाला. "त्या दारातून? पुन्हा?"

"हो."

"पास्टर, त्या माणसांनी माझ्या नवऱ्याला उघड्यावर उभं केलं. त्यानंतर तो कधी अंगणात गवत कापायलाही गेला नाही. आणि मी त्यांना आपणहून बोलवू? या, बसा म्हणू?"

रेव्हरंडनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "बोलवाल तेव्हा आम्ही येऊ. दाराशी उभे राहू."

सोमवारी सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. माझ्याच फोनवरून पोलिसांना लावते म्हणाली. स्वतःच्या घरातून तो नंबर फिरवायला बोट उठेना. पलीकडे कोणी तरुण मुलगी होती. मला तिचं सगळं ऐकू येत होतं.

"तातडीचं आहे का, मॅम?"

"माझा मुलगा घरी यायचाय," व्हर्लीन म्हणाली. "हे तातडीचं धरता का तुम्ही?"

 मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही काही उचलून आणू नका हं. टेबलावर ठेवा. माणूस पाठवते."

आम्ही व्हर्लीनच्या पोर्चवर जमलो. रेव्हरंड, डीकन मॅप त्यांच्या रविवारच्या कोटात, ओझेला, मी. ओझेलाने हातमोजे घातले होते, चर्चच्या दाराशी उभी राहते तसे. गाडी आली. वरचे लाल-निळे दिवे न लावता आली, देवाची कृपा. उतरला तो पंचविशीतला पोरगा, सगळ्यांना बघून गांगरलेला.

"गुड मॉर्निंग... काही कार्यक्रम आहे का?"

"आहे," डीकन मॅप म्हणाले. "टोपी काढ, बाळा."

त्याने काढली.

आत टेबलावर पेटी. तो वाकला, उघडून बघितलं, कानामागे खाजवलं. मग बाहेर पोर्चवर जाऊन त्याने कोणाला तरी फोन लावला. आम्हाला ऐकू येत होतं. "सर, पोकळ टोकाच्या आहेत. हो, घरातच. घरात चालतात ना? ...नाही, पोर्चवर नाही, टेबलावर आहेत." डीकन मॅपनी ओझेलाकडे विजयी नजरेने पाहिलं. ओझेलाने तोंड फिरवलं.

तो परत आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चांगली बातमी होती. बिचाऱ्याला वाटलं चांगली आहे.

"मॅम, काळजी नको. घरात या कायदेशीर आहेत. तुमचा हक्क आहे. एकट्या राहता, स्वतःच्या संरक्षणासाठी ठेवायच्या असतील तर खुशाल ठेवा."

 चार वर्षं. एझर्डचं हृदय. आणि हा पोरगा हसून सांगतोय, खुशाल ठेवा. मला वाटलं व्हर्लीन आता किंचाळेल. किंचाळली असती तर मीही किंचाळले असते.

ती खुर्चीला धरून उभी राहिली. "मला मुलगा ठेवायचाय घरात," ती म्हणाली. "या घेऊन जा."

पोरगा लाल झाला. काहीतरी कळलं असावं, किंवा नसेल. त्याने पेटी पिशवीत घातली. ती उचलताना व्हर्लीनचा हात आपोआप पुढे झाला, पुठ्ठ्याला लागला, आणि मागे आला. नवऱ्याने तिच्या पोरासाठी निवडून आणलेली वस्तू होती ती. तिच्याजवळ त्याची तशी दुसरी काही आठवण नव्हती. रेव्हरंड गुणगुणू लागले, शब्दांवाचून, प्रवचनाच्या आधी गुणगुणतात तसं. पिशवी पोर्चवरून उतरली, गाडीत गेली, रस्त्याला लागली. तिला कोणी थांबवलं नाही.

मंगळवारी पॅरोलच्या माणसाने कपाटं बघितली, पलंगाखाली बघितलं, हातमोज्यांचा डबा उघडला आणि मिटला. "छान खोली आहे," म्हणाला.

थेरन आला त्या दिवशी ऊन होतं. व्हर्लीनने पहाटेपासून दार सताड उघडं ठेवलेलं. माशा येतात म्हटलं तर मलाच ओरडली. स्टेशनवरून डीकन मॅपनी त्याला आणलं. तो पायऱ्या चढला. रुंद झाला होता, केसांत पांढरं आलं होतं, चालणं थेट एझर्डचं. आणि दाराशी येऊन थांबला. उघड्या दाराशी. हात बाजूला सरळ, नजर चौकटीवर. आम्हाला आधी कळेना तो कशाची वाट बघतोय.

"त्याला कोणी तरी दार उघडून द्यायचं असतं," मागून डीकन मॅप हलकेच म्हणाले. "तुरुंगातली सवय आहे."

व्हर्लीन आत, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, हाताला पीठ लागलेलं. दोघांमध्ये सात-आठ पावलांचं अंतर असेल, आणि दोघांनाही ते ओलांडता येईना. ती त्याच्या मागे पोर्चकडे बघत होती. मी पण बघितलं. डीकन मॅपखेरीज कोणी नव्हतं. सामान उतरवून मागून सावकाश येणारा एक माणूस तिथे हवा होता, एवढंच.

"थेरन," ती म्हणाली. "बाळा, उघडंच आहे. कोणी काही म्हणणार नाही. ये."

त्याने एकदा खाली, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि पाय आत टाकला.