तळाची साखर

अहिल्येने साखरेचा पुडा ओट्यावर ठेवला आणि कात्रीसाठी खण उपसायला सुरुवात केली. इंग्लंडात श्रूजबरीला लेकीकडे येऊन राहिल्याला तीन वर्षं होत आली, तरी ह्या घरातली कात्री काही तिला हवी तेव्हा सापडली नव्हती. चमच्यांच्या खणात नाही, औषधांच्या खणात नाही. अखेर ती फ्रिजवर, लोहचुंबकाला लटकलेली दिसली. समोर असून दिसत नव्हती. अहिल्येने ती पुड्याशेजारी ठेवली, शेगडी पेटवली आणि चहाचं पाणी चढवलं.

सकाळी तिच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी, चहा मागितला होता. कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून काही मागितलं नव्हतं. पाणी हवं का विचारलं, तरी नुसती मान हलायची. आज मात्र अंथरुणाची चादर सारखी करताना त्यांनी तिचं मनगट धरलं.

“अगं, तेह-सी मिळेल का?”

“मिळेल की.”

“कोसाँग नको हं.”

हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, जणू खिडकीच परवानगी देणार होती.

सिंगापूरला त्यांच्या इमारतीखाली चहाची एक टपरी होती. तिथला चिनी म्हातारा कपात आधी साखर टाकायचा, वर काळाकुट्ट चहा आणि डब्यातलं आटवलेलं दूध. ती तेह-सी. साखर तळाशी बसलेली असायची, चमच्याने हवी तेवढी वर आणायची. बिनसाखरेचा हवा असेल तर ‘कोसाँग’ म्हणायचं, म्हणजे रिकामा. नोकरीनिमित्त नवीन गेले तेव्हा दिगंबरराव रोज संध्याकाळी जहाजांच्या कारखान्यातून आले की वर घरी यायच्या आधी खाली एक कप पीत, तळापर्यंत ढवळून. पुढे चाळिशीत एका तपासणीत रक्तातली साखर काठावर आली, आणि अहिल्येने त्यांना तो शब्द शिकवला. काही महिन्यांनी म्हातारा त्यांना लांबून पाहूनच ‘कोसाँग’ म्हणून ओरडू लागला.

शिकवणार नाही तर काय! तिची नोकरीच ती होती. देश केवढासा, नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाणारा. पण पैसा अमाप आणि पावलापावलावर खाणं. भात, नूडल्स, गोड पेयं, आणि घराघरात मधुमेह. सरकारने साखरेविरुद्ध कंबर कसली आणि अहिल्या तिथल्या आरोग्यखात्यात आहारतज्ज्ञ म्हणून त्या लढाईत उतरली. शाळांमधली सरबतं पातळ केली, कँटीनमधल्या भातात हातसडीचा तांदूळ मिसळायला लावला. ‘कोसाँग म्हणा’ अशी भित्तिपत्रकं खाण्याच्या ठिकाणी लागली, त्यांवर चहाचा कप धरलेला एक हात होता. तो हात दिगंबररावांचा. फोटोसाठी ठरवलेला माणूस ऐन वेळी आला नाही, म्हणून नवऱ्याला पुढे केलं होतं.

“अख्ख्या देशाने माझा हात पाहिलाय,” ते महाराष्ट्र मंडळात सांगत. “तोंड दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून हातावर भागवलं.”

आणि अहिल्या आपल्या व्याख्यानांत त्यांचाच दाखला द्यायची. जीभ सवयीची गुलाम आहे, सवय लागली की तिला बिनसाखरेचंच आवडायला लागतं. माझ्या घरातच उदाहरण आहे. लोक टाळ्या वाजवायचे. समोर बसलेले दिगंबरराव मान डोलवायचे. घरी कारल्याचा रस असो, हातसडीचा भात असो की अळणी सूप, पान पुसून स्वच्छ करायचे आणि म्हणायचे, “छान झालंय.” त्यांचे रिपोर्ट शेवटपर्यंत असे होते की डॉक्टरांनी चौकटीत लावावेत. दुखणं दुसऱ्याच दाराने आलं, यकृतात. आता उपचारांनी फक्त त्रास होईल, असं सांगून इथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि वर म्हणाले, त्यांना जे आवडेल ते खुशाल द्या. ज्या बाईने जन्मभर काय खाऊ नये हे सांगितलं, तिला हे ऐकताना खुर्चीचा हात धरावा लागला.

चहाची गोष्ट तिने लेकीला, आश्लेषाला सांगितली, तेव्हा ती मीटिंगमधून हेडफोन काढून खाली धावली होती.

“बाबांनी मागितला? स्वतःहून? आई, म्हणजे अ‍ॅपेटाइट परत येतंय!”

“तुझ्या तोंडात साखर पडो.”

“ह्या घरात?” आश्लेषा म्हणाली.

दोघी हसल्या. मग दोघींनाही एकदमच हसू आवरावं लागलं. खरंच घरात साखरेचा कण नव्हता. खजूर होता, पाहुण्यांसाठी मधाची बाटली होती. आईची लेक होती ती. आश्लेषाने पुढची मीटिंग कॅन्सल केली, गाडीची किल्ली घेतली आणि जाऊन साखरेचा पुडा नि आटवलेल्या दुधाचा डबा घेऊन आली. मग पुन्हा वर कामाला बसली. वरातीमागून घोडं, अहिल्येच्या मनात आलं. पण घोडं आलं तरी होतं.

पाणी उकळलं. तिने चहाची पावडर नेहमीच्या दुप्पट घातली. टपरीवरच्यासारखा कडक व्हायला हवा होता. तेवढ्यात आतून ब्रेंडाची हाक आली. ब्रेंडा रोज दुपारी येणारी नर्स, दांडगी आणि मऊ आवाजाची. दिगंबररावांना कुशीवर वळवायचं होतं. अहिल्येने शेगडी बंद केली आणि गेली. त्यांच्या पाठीखाली हात घातला, तर हाताला नुसती हाडं लागली. भित्तिपत्रकातला तो हात चादरीवर उताणा पडला होता, अंगठी कधीच काढून ठेवलेली.

“ही लुक्स हॅपी टुडे,” ब्रेंडा म्हणाली. “वेटिंग फॉर हिज टी, ही सेज.”

अहिल्या लगबगीने परतली. चहा गाळला, दूध घातलं. एका कपातून दुसऱ्या कपात उंचावरून दोनदा ओतला, फेस आला. रंग तोच, वास तोच. बशी घेतली, चमचा घेतला आणि आत गेली. ब्रेंडा कोट घालून निघत होती, तिने जाता जाता अंगठा उंचावून दाखवला.

अहिल्येने उशी उंच केली, एक चमचा फुंकून गार केला आणि त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी डोळे मिटले. घोट घशाखाली जायला वेळ लागला.

“कसाय?”

“वा,” ते म्हणाले. “अगदी तसाच. गोड.”

“खरंच?”

“छान झालाय.”

त्यांनी आणखी तीन-चार चमचे घेतले, मग दमले. अहिल्येने त्यांचे ओठ पुसले. किती सुख वाटलं तिला! इतकी वर्षं जे हातचं राखून ठेवलं, ते निदान चमचाभर तरी देता आलं. उरलेला कप घेऊन ती गुणगुणतच स्वयंपाकघरात आली.

ओट्यावर साखरेचा पुडा होता. वरची घडी तशीच मिटलेली, गोंद शाबूत. शेजारी कात्री.

ती बघत राहिली. मग हातातल्या कपातला गार चहा तिने तोंडाला लावला. कडक, तुरट. गोडाचा मागमूस नाही. तीस वर्षं ती जसा करत आली होती तसाच बिनसाखरेचा. तिच्या हाताला दुसरा चहा करताच येत नव्हता.

मेलं माझं लक्षण, ती स्वतःशी पुटपुटली. एवढं एक मागितलं होतं माणसाने. आणि मग सावकाश दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. मग ते गोड का म्हणाले?

चव गेली असेल. अशा दुखण्यात जाते, ब्रेंडाने सांगितलं होतं. तोंडात काय आहे तेच कळलं नसेल, आणि साखर मागितली होती म्हणून गोड म्हणाले असतील. तसंच असणार. कारण तसं नसेल तर मग कारल्याचा रसही होता, अळणी सूपही होतं, मंडळातल्या व्याख्यानाला डोलणारी मानही होती. तीस वर्षांची किती पानं, आणि दर पानाला एक ‘छान झालंय’. अहिल्या स्टुलावर बसली. देवा, त्यांची जीभच मेलेली असू दे, तिच्या मनाने म्हटलं. आणि आपण काय मागतोय हे कळताच तिने ओठ दाताखाली घट्ट धरला.

वरच्या खोलीत आश्लेषा कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. खिडकीबाहेर शेजाऱ्याने पानगळीची पानं ढिगाने रचून ठेवली होती. अहिल्या उठली. पुड्याचं तोंड कात्रीने कापलं. स्वच्छ कपात दोन चमचे साखर घातली, थोडा विचार केला आणि तिसराही घातला. चहा पुन्हा उकळला, साखरेवर ओतला, वर दूध.

दिगंबरराव जागेच होते. तिला परत कप घेऊन आलेली पाहून त्यांना नवल वाटलं.

“पुन्हा?”

“घ्या तर खरं.”

तिने चमचा भरून त्यांच्या ओठांना लावला. ह्या खेपेला त्यांचे डोळे मिटले नाहीत. उघडले, मोठे झाले. जीभ ओठांवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, मग उलटी फिरून आली. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांच्या चेहऱ्यावर इतकं काही हललं नव्हतं.

“अगं, साखर घातलीस!”

म्हणून झालं आणि काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. त्यांनी हळूच मान वळवली, खिडकीकडे.

“म्हणजे मघाशी...” अहिल्या म्हणाली.

“मघाशीही छानच होता.”

“अहो, आणि तो हातसडीचा भात?”

बाहेर ढिगावरचं एखाददुसरं पान वाऱ्याने उडत होतं, तिकडे दिगंबरराव बघत राहिले.

“भाताचं आता कशाला काढतेस?” ते म्हणाले. “चमचा दे आधी.”

अहिल्येचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले, चमचा कपात पार खाली घातला, तळापासून नीट ढवळला आणि भरून त्यांच्यापुढे धरला.