क्राउन पॉइंट की कस्तारा?

क्वामिनांच्या घरात ईस्टरला टोबॅगो बेटावर जायचं की नाही यावर आजवर कधी वाद झालेला नाही. वाद होतो तो टोबॅगोत उतरायचं कुठं यावर, आणि तो दरवर्षी असा रंगतो की शेजारच्या मिसेस पँटिन आपला रेडिओ बंद करून खिडकीत येऊन बसतात. अरिमा गावात एवढी करमणूक फुकट दुसरीकडे कुठं मिळणार?

या वर्षी कार्निव्हल संपला, राखेचा बुधवार उलटला, आणि त्यानंतरच्या रविवारी चर्चहून आल्या आल्या, मॅकरोनी पायचा पहिला तुकडा ताटात पडायच्या आत कथबर्टनं विषय काढला. कथबर्ट म्हणजे अर्लीनचा नवरा. जन्मभर सरकारी बस चालवून निवृत्त झालेला, पण घराचं स्टिअरिंग अजून आपल्याच हातात आहे अशा थाटात बोलणारा.

"कस्तारा," तो म्हणाला. "शांत गाव, चांगली माणसं, सकाळी कोळ्यांची जाळी ओढायला जायचं, भट्टीतला गरम पाव खायचा. ठरलं. जेवा आता."

"ठरलं कुणी?" त्याची थोरली बहीण वेल्मा म्हणाली. "मी क्राउन पॉइंटला जाणार. मला तिथल्या स्टोअर बे किनाऱ्यावरच्या बायकांच्या हातचा खेकडा आणि डंपलिंग पाहिजे. कस्तारात जाऊन पाव खाऊ? पाव काय अरिमात मिळत नाही?"

"तू समुद्राला जातेस की जेवायला जातेस?"

"आणि तू जातोस तेव्हा समुद्राला पत्ता तरी लागतो का?"

मुलगा केर्विन शाळेत मास्तर होता. सबंध सत्र पोरांच्या आरडाओरड्यात काढल्यावर त्याला गर्दीचं नाव नको होतं, म्हणून तो बापाच्या बाजूला गेला. त्याची बायको शिवाना हिचं म्हणणं उलटं होतं. "चार दिवस सुट्टी आणि त्यात लवकर झोपायचं? क्राउन पॉइंटला दुकानं आहेत, गाणी आहेत, माणसं आहेत. कस्तारात रात्री आठनंतर कुत्रंसुद्धा भुंकत नाही."

"म्हणूनच," केर्विन म्हणाला.

अशी दोन दोन मतं पडून घोडं अडलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग शिवाना म्हणाली, "अहो, मम्मींचं मत राहिलंच की."

"मम्मीला कशाला विचारायचं?" केर्विननं ताटात कॅलालूची पालेभाजी वाढून घेत म्हटलं. "ती कुठंही गेली तरी झाडाखालीच बसणार. झाड काय, इथलं नि तिथलं सारखंच."

पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. हेच तर दुःख होतं. अर्लीन पाण्याला घाबरते हे क्वामिनांच्या घरात इतकं पक्कं होतं, की त्याबद्दल कुणी तिला चिडवतसुद्धा नसे. समुद्रावर पोचलं की बदामाच्या झाडाखाली चादर अंथरायची, मधोमध पलावचं पातेलं ठेवायचं आणि त्याच्याशेजारी अर्लीनला बसवायचं. मग एकेक जण येऊन तिच्या ओटीत आपापली वस्तू टाकून पळे. फोन, चष्मे, किल्ल्या, आणि रुमालात गुंडाळलेली वेल्माची कवळी. कथबर्ट छाती काढून पाण्यात शिरायचा, तिथं चार ओळखीचे गाठायचा आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून क्रिकेटवर तास न् तास वाद घालायचा. अर्लीन लांबून बघायची आणि पातेल्यावरच्या माश्या वारायची.

आता गंमत अशी, की अर्लीन शिवणकाम करायची आणि अरिमातल्या निम्म्या बायका तिच्याच हातचे पोहण्याचे कपडे घालून समुद्रात जायच्या. त्यातली एक मार्वा कपडे न्यायला आली होती, तेव्हा तिनं फोनवर एक फोटो दाखवला. चहूकडे समुद्र, किनारा कुठं दिसत नाही, आणि मधोमध मार्वा कंबरेइतक्या पाण्यात उभी. पायाखालची वाळू स्वच्छ दिसते आहे. "नायलॉन पूल," मार्वा म्हणाली. "क्राउन पॉइंटहून बोट जाते. जाऊन ये, दहा वर्षांनी तरुण होशील." अर्लीन इतका वेळ त्या फोटोकडे बघत राहिली की इस्त्रीखाली कुणाचा तरी ब्लाउज करपला. त्या आठवड्यात तिनं उरलेल्या पिवळ्या कापडातून एक पोहण्याचा पोशाख शिवला, स्वतःच्या मापाचा, आणि शिवणाच्या खणात तळाशी ठेवून दिला. का शिवला, हे तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

"क्राउन पॉइंट," ती म्हणाली.

वेल्मानं टाळी वाजवली. केर्विनच्या हातातला चमचा तसाच राहिला. पण खरा धक्का बसला होता तो कथबर्टला. त्याचा चेहरा पाहून कुणाला वाटावं, बायकोनं घर विकायला काढलंय.

"अगं, तिथं किती गर्दी! तुला सावली कुठं मिळणार?"

"मिळेल."

"आणि ते बोटवाले सारखे मागे लागतात. या बोटीत, त्या बोटीत. तुला कसं चालेल?"

"बघू," अर्लीन म्हणाली आणि भाताचं भांडं पुढं सरकवलं.

पुढचे पंधरा दिवस कथबर्टनं काय काय केलं नाही! क्राउन पॉइंटला खोल्याच शिल्लक नाहीत अशी बातमी आणली, तर शिवानानं संध्याकाळपर्यंत एका अतिथिगृहात दोन खोल्या मिळवल्या. तिकडं समुद्री गवत वाहून आलंय, वास मारतोय, असं सांगितलं, तर वेल्मानं तिथल्या मैत्रिणीला फोन लावून सगळ्यांसमोर त्याला तोंडघशी पाडलं. अर्लीनला मात्र त्याची दया येत होती. किती काळजी करतो माझी, असं तिला वाटे. आपल्या भीतीपायी बिचाऱ्याच्या जिवाला घोर, म्हणून ती त्याला रात्री चहा करून द्यायची. चहा पिऊन तो पुन्हा कस्तारावर यायचा.

शेवटी ईस्टरच्या शनिवारी मंडळी फेरीबोटीत चढली. वेल्मा सबंध वाटभर लिंबू हुंगत आणि समुद्राला शिव्या देत बसली, पण स्टोअर बेला पोचल्यावर खेकड्याचं ताट समोर आलं आणि तिचं समुद्राशी पुन्हा जमलं. पहिला दिवस नेहमीसारखाच गेला. चादर, पातेलं, ओटीत कवळी. संध्याकाळी अर्लीननं पिशव्या झटकल्या तेव्हा तिला रडायला आलं. एवढं मत देऊन, एवढं लांब येऊन आपण पुन्हा झाडाखालीच!

दुसऱ्या दिवशी तिनं फ्रॉकच्या आत पिवळा पोशाख घातला आणि कुणाला सांगितलं नाही.

बोटवाला आला. हातातली घंटी वाजवत, "रीफ! नायलॉन पूल! बोट निघाली!" असं ओरडत. ती बोट आणखी तासभर निघणार नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी हललं नाही, तेवढ्यात अर्लीन उठून उभी राहिली.

"मी जाते," ती म्हणाली.

"तू?" केर्विन म्हणाला. "मम्मी, बोट पाण्यावरून जाते, माहितीय ना?"

"मग काय झाडावरून जाईल?"

शिवाना खदखदून हसली आणि सासूचा हात धरून म्हणाली, "चला मम्मी, आपण सगळेच जाऊ."

"तुम्ही जा," कथबर्ट घाईघाईनं म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो चादरीवर बसला होता. "मी थांबतो. पिशव्या सांभाळतो."

"पिशव्या बोटीतून येणार आहेत," अर्लीन म्हणाली. "तू काय सांभाळणार, झाड?"

आजूबाजूचे लोकसुद्धा हसले. एवढ्या लोकांत नाही म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून कथबर्टनं पलावचं पातेलं उचललं आणि सगळ्यांच्या शेवटी बोटीत चढला.

बोटीच्या तळाला काच होती. खाली प्रवाळ, निळे पिवळे मासे, एक मोठं कासवसुद्धा सरकत गेलं. वेल्मानं कासव शिजवायचं कसं यावर भाषण दिलं आणि बोटवाल्यानं तिला आता ते पकडायला बंदी आहे हे सांगितलं. सगळे काचेवर वाकले होते. कथबर्ट मात्र पातेलं पोटाशी धरून समोर आकाशाकडे बघत होता. अर्लीनच्या ते लक्षात आलं, पण तिला स्वतःचीच धडधड इतकी मोठ्यानं ऐकू येत होती की तिनं विचार केला नाही.

मग इंजिन थांबलं. पाणी अगदी मार्वाच्या फोटोतल्यासारखं, काचेच्या पेल्यात ओतल्यासारखं. चहूकडे समुद्र, आणि खाली पांढरी वाळू. केर्विननं उडी मारली, शिवानानं मारली, बाकीचेही धपाधप उतरले. वेल्मानं कवळी रुमालात गुंडाळली आणि सवयीनं अर्लीनपुढे धरली.

अर्लीननं फ्रॉक डोक्यावरून काढला.

"अगं बाई!" वेल्मा बोळक्या तोंडानं म्हणाली. पाण्यातून शिवानानं अशी शिट्टी मारली की बोटवाल्यानं वळून पाहिलं. अर्लीनला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला. तिनं रुमाल वेल्माच्याच मुठीत परत ठेवला आणि शिडी धरली.

पहिली पायरी, दुसरी, मग पाणी. पोटरीला, गुडघ्याला, मांडीला. ते गार असेल असं तिला वाटलं होतं, पण ते कोमट होतं. पायाला वाळू लागली. ती उभी राहिली. दोन्ही हात पाण्यावर पसरून ती समुद्राच्या मधोमध उभी राहिली आणि भीती कुठून येते त्याची वाट बघत राहिली. भीती आलीच नाही. तिनं खाली बसून बघितलं. मानेपर्यंत पाणी, हनुवटीपर्यंत पाणी. मग नाक धरून ती सबंध आत गेली, वर आली आणि तोंडातून खारट पाणी थुंकत एवढ्या मोठ्यानं हसली की तिचं तिलाच नवल वाटलं. मला हे आवडतं, तिच्या मनात आलं. मला हे किती आवडतं!

ही गोष्ट कुणाला तरी सांगायला म्हणून तिनं वळून पाहिलं. बोटवाला सोडला तर बोटीवर कथबर्ट एकटाच राहिला होता. पातेल्याला मिठी मारून.

"अरे कथबर्ट, ये ना!"

"मी बरा आहे. पलाव सांभाळायला कुणीतरी पाहिजे."

"मासे येऊन पलाव खाणार आहेत का? ये म्हणते ना."

ती शिडीपाशी गेली. तो वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "अर्लीन, खोल आहे गं."

"कंबरेइतकं आहे. माझ्याकडे बघ की. मी काय पाण्यावर उभी आहे?"

"आजूबाजूला किनारा नाही," तो म्हणाला. त्याच्या ओठांवर घाम होता.

तिनं हात पुढे केला. बोटवाला बघत होता. कथबर्टनं पातेलं खाली ठेवलं, शिडीकडे पाठ केली आणि म्हाताऱ्या मांजरासारखा एकेक पाय चाचपत उतरला. पाणी कंबरेला लागताच त्यानं तिचा हात असा घट्ट धरला की तिची अंगठी बोटात रुतली. आणि तो हात थरथरत होता.

ती थरथर अर्लीनला ओळखीची वाटली. लग्नानंतरचा पहिलाच ईस्टर, मायारोचा किनारा. ती पुढं गेली होती, एका लाटेनं तिला उचललं, दोनदा लोळवलं आणि वाळूत आणून टाकलं. मग कथबर्टच्या दोन हातांनी तिला दंडाला धरून फरफटत वर ओढलं होतं. त्या रात्री कथबर्टनं सगळ्या घराला सांगितलं, अर्लीन पाण्याला जाम घाबरते, लटलट कापत होती. तिला कापणं आठवत होतं, म्हणून तिनं ते खरं धरलं. पण आता, त्या हाताची थरथर आपल्या हातात घेऊन उभं असताना, तिला त्या दिवशीचं आणखी काहीतरी आठवलं. तोंडात वाळू गेली होती आणि ती हसत होती.

"मायारोला," ती सावकाश म्हणाली, "कापत कोण होतं, कथबर्ट?"

एक छोटी लाट येऊन त्याच्या पोटाला लागली, तसा तो तिच्या आणखी जवळ सरकला.

"तू दिसेनाशी झालीस," तो शेवटी म्हणाला. "आणि मला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. मी काठावर नुसता उभा राहिलो. लाटेनं तुला परत टाकलं म्हणून, नाहीतर मी उभाच राहिलो असतो. हे कुणाला सांगू?"

"म्हणून माझ्या नावावर खपवलंस."

"एकदाच सांगितलं होतं गं. मग ते घरात पसरलं. आणि तू झाडाखाली बसलीस की मला निर्धास्त वाटायचं."

अर्लीनला संताप आला, चांगला सणसणीत. इतके ईस्टर! इतक्या माश्या! त्याला तिथंच सोडून देऊन चालतं व्हावं असं वाटलं, आणि तिनं एक पाऊल टाकलंही. तर हा गृहस्थ पोरासारखा दोन्ही हातांनी तिला लटकला. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून क्रिकेट शिकवणारा हा माणूस! तो तिथं इतका वेळ का उभा राहायचा, तेही तिला आता कळलं. पुढं जाता येत नसे. तिला त्याची कीव आली, त्याच्यावर माया दाटून आली, आणि राग मात्र होता तिथंच राहिला.

तेवढ्यात लांबून केर्विननं हाक मारली. "डॅडी! मम्मीला नीट धरून ठेवा हं! घाबरते ती!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. शिवाना, वेल्मा, अनोळखी माणसं, बोटवाला. अर्लीननं फक्त नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि वाट पाहिली.

कथबर्टनं घसा खाकरला. "ती नाही रे," तो म्हणाला. "मी घाबरतो. तिनं मला धरलंय."

"मोठ्यानं सांग," अर्लीन म्हणाली. "वेल्माला ऐकू नाही गेलं."