गिटारीत घुमणारा एमिल

रविवारची प्रार्थना आटोपली की आमचं लिपा क्रीक गाव नाचघरात लोटतं. भट्टीवर सॉसेज चरचरतं, पोल्का सुरू होतो, टाचांखाली फरशी धडधडते. पण त्या रविवारी कुणी नाचत नव्हतं. माणसं दाटीवाटीनं मंचाकडे बघत उभी होती, हातातली बिअर कोमट होत होती, आणि एकही जण घोट घेत नव्हता. टेक्सासात याहून मोठा चमत्कार मी तरी पाहिलेला नाही.

मंचावर एमिल व्हिट्राकची स्टील गिटार होती. चार पायांवर टेबलासारखी उभी, दोन मानांची, म्हणजे तारांच्या दोन पट्ट्यांची. एमिल तिच्यापुढे बसायचा, तारांवरून पोलादी कांडी फिरवायचा, आणि सूर असा वाहायचा की भांडून आलेले नवरा-बायको एकमेकांचा हात शोधायचे. वसंतात एमिल गेला. वादक गेला की त्याच्या जागेवर त्याचं नाव टांगायचं, ही आमची रीत. आम्ही बायकांनी हौसेनं निऑनची नळी वळवून घेतली. लाल अक्षरं, ‘एमिल’. ती थेट गिटारीच्या डोक्यावर लावली.

आणि गिटार घुमायला लागली. कुणी हात न लावता. घूंऽऽ!

मग ह्यूस्टनहून ब्रदर थॅडियस पूल अवतरला, आत्म्यांशी बोलतो म्हणणारा उपदेशक. पांढरा कोट, पांढरे बूट, आणि जिभेवर माशा बसाव्यात इतका मध.

“आधी नाव पेटवा!” तो ओरडला. “उजेडाशिवाय आत्मा वाट चुकतो! आणि तारांना कुणी शिवू नका!”

नाव पेटलं. गिटार घुमली. थॅडियसनं लाकडी कड धरली आणि डोलत डोलत सुरू केलं:

“इकडची मान मातीची, तिकडची मान ज्योतीची,
मधेच अडकली एमिलभाऊ, गाठ तुझ्या प्रीतीची!”

विचाराल त्याचं उत्तर मिळे. घूं वाढली की ‘हो’, मावळली की ‘नाही’. थॅडियस गिटार जराशी फिरवायचा तेवढी.

“एमिल,” लाडिस्लाव्ह खाटिकानं विचारलं, “घोड्याचे नाल फेकायच्या शर्यतीत जिंकलेली माझी ढाल तूच लपवलीस ना?”

घूंऽऽ!

“बघा! चाळीस वर्षं बोंबलतोय मी!”

मग एमिलची बायको बोझेना पुढे आली. हातात ताटली, ताटलीत खसखशीचे कोलाचे. ते मऊ, गोड पाव तिनं जन्मभर एमिलसाठी भाजले. “अरे, तुझ्यासाठी केलेत,” ती हळूच म्हणाली. “आवडायचे ना रे तुला?”

थॅडियसनं गिटार वळवली. घूं मावळली.

बोझेनाच्या हातातली ताटली खाली आली.

“चव मेली हो त्याची!” थॅडियस कळवळला. “त्याला सुटका हवी! ही गिटार आजच द्या. मी गॅल्व्हेस्टनला नेऊन समुद्रात सोडतो.”

“आणि शनिवारी मी काय वाजवू? पातेली?” एमिलची नात मार्लीन उसळली. येत्या शनिवारी ती पहिल्यांदा आजोबांच्या जागेवर बसणार होती.

“आजोबा तडफडतायत, आणि तुला वाजवायचं सुचतंय?” बोझेना म्हणाली. “घेऊन जा, ब्रदर.”

थॅडियस लगेच गिटारीचे पाय काढायला वाकला.

“थांबा हो!” हा आवाज डॉक्टर लिडिया कुबेनाचा. ही आमची गुरांची डॉक्टर. बँडमध्ये अकॉर्डियन वाजवते. गुरं बरी होतात, गाणी नाही. “पेशंटला बुडवण्याआधी तपासतात तरी. बोझेना, तारांवर हात ठेव.”

तिनं ठेवला. घूं बरीच खाली आली.

“पत्नीचा स्पर्श!” थॅडियसनं संधी साधली. “ओळखला!”

“लाडिस्लाव्ह, आता तू ठेव.”

लाडिस्लाव्हनं सॉसेजनं माखलेला पंजा ठेवला. घूं तितकीच खाली आली.

“तुलाही ओळखलं रे,” लिडिया म्हणाली. “अगदी बायकोसारखं.”

नाचघर खदखदलं. तेवढ्यात लिडिया मंचामागे गेली आणि नावाची पिन उपटली. लाल अक्षरं विझली. घूं बंद.

“हं, विचारा आता.”

“एमिल, आहेस का?” थॅडियसनं गिटार डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, अख्खी गरगर फिरवली. वायर त्याच्याच पायाला गुंडाळली. गिटार गप्प.

“बिअर आणायला गेला असेल!” मागून कुणीतरी म्हणालं.

लिडियानं सगळ्यांना जवळ बोलावलं. “तारांखाली हे लोहचुंबक आहे, त्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलीय. हा पिकअप. वरची तार थरथरली की ते थरथरणं हा विजेत उचलतो आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, पाठवतो. पण बिचाऱ्याला तार कुठली, दिवा कुठला, कळत नाही. निऑनच्या ट्रान्सफॉर्मरची घरघरही उचलतो. एका बाजूला तोंड केलं की जास्त, वळवलं की कमी. झाली ‘हो’ आणि ‘नाही’! आपलं अंगही दिव्याची वीज गोळा करून घरघरीत भर घालतं. तारांना हात लावला की ती तारांतून जमिनीत जाते. कुणाचाही हात चालतो.”

“पण तारांचा आवाज का खोल गेला गं मावशी?” मार्लीननं विचारलं. “या मानेवर सूरच उमटत नाही.”

“पिकअपखालचं रबर सडलंय. म्हणून पिकअप तारांपासून लांब खचला. सूर बारीक झाला म्हणून तुम्ही अँपचं बटण शेवटपर्यंत पिळलंत, आणि घरघर मोठी झाली. स्क्रू-ड्रायव्हर आहे कुणाकडे?”

थॅडियसचा हात सवयीनं कोटाच्या खिशात गेला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आला.

सगळे त्याच्याकडे वळले.

“पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचो,” तो पुटपुटला.

“मग बरा होतास की रे!” लाडिस्लाव्ह म्हणाला.

लिडियानं रबराऐवजी भट्टीशेजारच्या पुठ्ठ्याची घडी सारली, स्क्रू आवळले, अँपचं बटण खाली आणलं. मार्लीननं कांडी उचलली. आजोबांचा वॉल्ट्झ सुरू झाला. पाण्यावरून वारा जावा तसा सूर फरशीवरून गेला. खाली घरघर नाही, काही नाही.

बोझेना रडेल असं मला वाटलं. पण ती लिडियाचा दंड धरून म्हणाली, “म्हणजे तो बोलतच नव्हता?”

“नाही गं.”

“कोलाच्यांना नाही म्हणाला, तेही खोटं?”

“तो फक्त गिटारीचा कोन होता, बोझेना.”

बोझेनानं नाक पुसलं. “मग या पांढऱ्या बुटांना दार दाखवा. आणि ती पाटी माझ्या कोलाच्यांच्या टेबलावर लावा!”

आता एमिलचं नाव दाराशेजारी कोलाच्यांच्या टेबलावर लाल उजेड पाडतं, गिटारीपासून लांब. मार्लीन शनिवारी वाजवते.

बाबांनो, आपलं माणूस परत बोलावं असं कुणाला वाटत नाही? पण आवाज आला की आधी दिव्याची पिन काढून बघा. ते करायला देवाचा माणूस लागत नाही. एक हात पुरतो, अगदी सॉसेजनं माखलेलासुद्धा.